चार बोटांचं अंतर : पी. टी. उषाचं पदक नेमकं कुठे राहिलं?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली पुरुषांची १०० मीटर शर्यत संपली आणि काही क्षण कुणालाच कळेना, जिंकलं कोण. खुद्द अमेरिकेच्या नोआ लाइल्सला वाटलं की जमैकाचा किशेन थॉम्पसन पुढे निघून गेला. मग फलकावर आकडे आले. दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद, पण सुवर्ण लाइल्सचं, कारण आणखी बारकाईने पाहिलं तर त्याची वेळ ९.७८४ होती आणि थॉम्पसनची ९.७८९. एका सेकंदाचे हजार तुकडे करायचे आणि त्यातल्या पाचांवर जगातला सगळ्यात वेगवान माणूस ठरवायचा!

त्यानंतरच्या आठवड्यात ओळखीतल्या तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला : "हे मोजतात तरी कसं?" आणि प्रत्येकाने पुढे हेही जोडलं : "आपली उषा नाही का, अशीच हुकली होती."

हुकली होती हे खरं. पण किती, कशाने, आणि 'हुकली' हा शब्द तिच्या कारकिर्दीला बसतो तरी का, याबद्दल आपल्याकडे चाळीस वर्षं नुसती हळहळ चालू आहे. हळहळीत हिशोब राहून जातो. तो जरा मांडून बघू.

आधी ती शर्यत

तारीख ८ ऑगस्ट १९८४, गाव लॉस एंजेलिस, शर्यत महिलांची ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची. मैदानाची एक पूर्ण फेरी आणि वाटेत दहा अडथळे. प्रत्येकाची उंची ७६.२ सेंटिमीटर, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी. पहिला अडथळा ४५ मीटरवर, त्यानंतर दर ३५ मीटरला एक, आणि दहावा ओलांडला की अंतिम रेषेपर्यंत ४० मीटर मोकळे. हे शेवटचे ४० मीटर लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहेत.

महिलांसाठी ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच होत होती. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिली आली. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती अरब जगातली पहिली महिला. अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२० मध्ये दुसरी. मग एकदम दोघी. रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची वेळ ५५.४१ आणि केरळातल्या पय्योलीच्या वीस वर्षांच्या पी. टी. उषाची ५५.४२.

आता गंमत बघा. कोजोकारू पदक घेऊन घरी गेली, आणि भारतात कुणाला तिचं नाव माहीत असलंच तर ते उषामुळे.

शतांश सेकंद म्हणजे हातात किती?

सेकंदाचा शंभरावा भाग असं म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. पापणी लवायलाही याच्या दहापट वेळ लागतो. त्यामुळे वेळेचं अंतरात रूपांतर करू.

४०० मीटर ५५.४२ सेकंदांत, म्हणजे सरासरी सेकंदाला ७.२ मीटर. त्याचा शंभरावा भाग ७.२ सेंटिमीटर. शेवटी पाय थकलेले असतात, वेग सरासरीपेक्षा कमी असतो, म्हणून सहा ते सात धरा. हाताची चार बोटं जोडून समोर आडवी धरा. अंगठा सोडून. त्यांची रुंदी साधारण तेवढीच भरते. ४०० मीटर धावून, दहा वेळा टेबलाएवढ्या अडथळ्यावरून जाऊन, दोघींमध्ये उरलं ते एवढं.

रेषेला आधी काय लागायला हवं?

इथे पुष्कळ जण चुकतात. कबड्डीत पकडलेल्या चढाईपटूने हात लांबवून बोटाचं टोक मध्यरेषेला टेकवलं की तो सुटला. खो-खोत सूर मारून हात पोहोचला की गडी बाद. आपल्या मातीतल्या दोन्ही खेळांत बोटाला पुरेपूर किंमत आहे. धावण्यात नाही. तिथे डोकं, मान, हात, पाय यांपैकी काहीही आधी पोहोचलं तरी ते मोजत नाहीत. मोजतात फक्त धड. खांद्यापासून कमरेपर्यंतचा भाग रेषेच्या अलीकडच्या काठावर पोहोचला, तो क्षण खरा.

म्हणूनच धावपटू शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकतात. ही झोक वेळेवर पडली तर दोन-चार शतांश वाचतात. लवकर पडली तर वेग मोडतो, उशिरा पडली तर उपयोग नाही. दिसायला हे सोपं असलं तरी मेंदूला प्राणवायू कमी पडत असताना, पाय शिशाचे झालेले असताना, नेमक्या त्या पावलाला आठवणीने करायची ही गोष्ट आहे. त्यासाठी एकच उपाय, अटीतटीच्या शर्यती भरपूर धावणं. शेजारी कुणी नसेल तर छाती झोकायची सवय लागणार कशी? उषाने पुढे स्वतःच सांगितलं आहे की त्या दिवशी शेवटी तिची ही झोक राहून गेली.

डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसं दिसतं?

तालुक्याच्या शालेय स्पर्धांत मी एकदा अंतिम रेषेवर पंच म्हणून उभा होतो. दोन मुली एकदम आल्या. आम्ही तिघे पंच. एकाला लाल रिबिनवाली पुढे दिसली, दुसऱ्याला निळी, आणि खरं सांगायचं तर मला फक्त धूळ दिसली. शेवटी पहिला नंबर विभागून दिला आणि दोन्हीकडच्या पालकांची बोलणी खाल्ली. माणसाच्या डोळ्याची धाव तेवढीच.

फोटो फिनिशचा कॅमेरा आपल्या ओळखीचा कॅमेरा नाही. आपला मोबाइल एका क्षणी सगळं दृश्य टिपतो. हा कॅमेरा याच्या उलट, एकच अरुंद पट्टी सतत टिपत बसतो. ती पट्टी म्हणजे अंतिम रेषा. दार किलकिलं करून फटीतून रस्त्याकडे बघत राहिलात, आणि फटीसमोरून जे जे गेलं त्याच्या बारीक चिरोट्या कागदावर एकीशेजारी एक चिकटवत गेलात, तर जे चित्र तयार होईल तेच फोटो फिनिशचं चित्र. १९८४ मध्ये कॅमेऱ्यातल्या फटीमागून फिल्म सरकत असे. आता डिजिटल सेन्सर सेकंदाला हजारो चिरोट्या टिपतो.

म्हणजे त्या चित्रात डावी-उजवी बाजू ही जागा नसते, वेळ असते. त्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट एकाच जागी, रेषेवर आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. हे एकदा डोक्यात बसलं की त्या चित्रांतले विचित्र प्रकार उलगडतात. झेरॉक्स चालू असताना कागद ओढला तर अक्षरं ताणली जातात ना, तसंच इथे होतं. ज्या धावपटूचं पाऊल नेमकं रेषेवर टेकतं, त्याचा बूट चित्रात लांबच लांब, होडीसारखा दिसतो, कारण ते पाऊल क्षणभर तिथेच थांबलेलं असतं. आणि मागची जमीन सगळीकडे पांढरी, कारण कॅमेऱ्याने पांढऱ्या रेषेशिवाय दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

या चित्रावर पंच एक उभी रेघ सरकवत आणतात आणि प्रत्येकाच्या छातीच्या टोकाला लावतात. खाली वेळेची पट्टी असते. वाचायची. बस.

हातातल्या घड्याळाने काय बिघडतं?

मिल्खासिंग यांची १९६० ची रोमची शर्यत घ्या. ४०० मीटर, चौथा क्रमांक. तेव्हा अधिकृत वेळ हातातल्या घड्याळाची धरत. त्यांची वेळ ४५.६, तिसऱ्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सची ४५.५. विजेच्या यंत्राने तीच शर्यत मोजली तेव्हा आकडे आले ४५.७३ आणि ४५.६०.

दोघांच्याही वेळा हातघड्याळात कमी का? कारण माणूस सुरुवातीला बेसावध असतो आणि शेवटी सावध. पिस्तुलाचा बार दिसल्यावर बटण दाबायला अंगठ्याला थोडा वेळ लागतो. पण धावपटू रेषेकडे येताना तो आधीपासून दिसत असतो, त्यामुळे तिथे अंगठा वेळेवर दाबला जातो. सुरुवातीचा उशीर धावपटूच्या पदरात सवलत म्हणून पडतो. ४०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत म्हणूनच ०.१४ सेकंद मिळवून तुलना करायची पद्धत आहे. मिल्खासिंगांच्या दोन आकड्यांतला फरक ०.१३ आहे. बसलं की नाही गणित?

लॉस एंजेलिसला घड्याळ यंत्राचं होतं. पिस्तूल वाजलं की आपोआप सुरू, आणि शेवट चित्रावरून. तेव्हा "मोजणाऱ्याने घोळ केला असेल" ही शंका उषाच्या बाबतीत सोडून द्यावी लागते.

मग शतांश तरी पक्का का?

इथे एक बारीक नियम आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. चित्रावरून वेळ सहस्रांशापर्यंत वाचता येते, पण जाहीर करताना ती शतांशात करतात, आणि नेहमी वरच्या बाजूला. ५५.४११ आली तर ५५.४१ नाही, ५५.४२ धरायची.

याचा परिणाम बघा. ५५.४१ जाहीर झाली म्हणजे खरी वेळ ५५.४०१ ते ५५.४१० मधली काहीही. ५५.४२ म्हणजे ५५.४११ ते ५५.४२०. दोघींतलं खरं अंतर कमीत कमी एक सहस्रांश असू शकतं आणि जास्तीत जास्त एकोणीस. सेंटिमीटरमध्ये बोलायचं तर करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी, किंवा मग एखाद्या छोट्या मोबाइलच्या लांबीएवढं. 'एक शतांश' हा आकडा आपण चाळीस वर्षं कोरीव शिलालेखासारखा म्हणतोय. प्रत्यक्षात तो बाजारातल्या तराजूसारखा आहे, पारडं कुठे झुकलं ते नक्की सांगतो, रतीमाशांचं विचारू नका.

क्रमांक मात्र चित्रावरूनच लागतो, आकड्यावरून नाही. शतांशात बरोबरी झाली तरी चित्रात जो पुढे तो पुढे. पॅरिसला तेच झालं.

"फाउल स्टार्ट झाला नसता तर पदक आलं असतं ना?"

त्या अंतिम शर्यतीची सुरुवात दोनदा झाली. एका स्पर्धकाकडून पहिल्यांदा फाउल स्टार्ट झाला, म्हणजे पिस्तुलाआधी ती निघाली. सगळ्यांना परत बोलावलं. उषाचा पहिला स्टार्ट झकास पडला होता आणि दुसऱ्यांदा ती किंचित मागे पडली, असं नेहमी सांगतात.

यात तथ्य आहे. तेव्हाच्या नियमात प्रत्येकीला एक फाउल माफ होता, दुसऱ्याला बाद. म्हणजे आठ जणींच्या शर्यतीत कितीही वेळा मांडामांड मोडू शकत होती. २००३ मध्ये सगळ्यांत मिळून एकच फाउल माफ झाला, आणि २०१० पासून पहिल्याच फाउलला घरचा रस्ता. २०११ च्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टलाही दाखवला तो. आजचा नियम असता तर त्या दिवशी चूक करणारी बाहेर गेली असती.

पण शर्यत तरीही पुन्हाच सुरू झाली असती. फाउल करणारी बाद होते, झालेला स्टार्ट परत मिळत नाही. आणि दुसऱ्या स्टार्टला फक्त उषाच नव्हती, कोजोकारूही त्याच ब्लॉकमध्ये पुन्हा बसली होती. तेव्हा फाउल स्टार्टने उषाचे काही शतांश गेले असं मानलं तरी तिच्या एकटीचेच गेले, असं म्हणता येत नाही. एक आहे. ज्याने शेकडो मोठ्या शर्यती पाहिल्यात त्याला परत बोलावलं तर तो खांदे झटकतो आणि बसतो. जिने अशी पहिलीच पाहिली, तिच्या छातीत जास्त धडधडतं. हा फरक अनुभवाचा, नशिबाचा नव्हे.

"पेज खाऊन धावली बिचारी"

उषाने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की लॉस एंजेलिसला तिथलं जेवण तिला जाईना, म्हणून कांजी आणि लोणचं यांवर दिवस काढले, आणि शेवटच्या ३५ मीटरमध्ये अंगातली ताकद संपली. कांजी म्हणजे आपली कोकणातली, गोव्यातली पेज. सोबत कोवळ्या कैरीचं लोणचं. आजारात, पावसाळ्यात, भात लावून आल्यावर पेजेसारखं अन्न नाही, याबद्दल मालवणी माणसाशी वाद घालू नये.

पण धावपटूच्या दृष्टीने तिचं काय? स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो. ४०० मीटरची धाव ही जवळपास पूर्ण जोराची धाव असते, आणि एवढ्या जोराला लागणारा प्राणवायू श्वासातून पुरत नाही. मग स्नायू प्राणवायूशिवायच साखर जाळतात. चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं होतं, आग मिळते, पण धूरही साठतो. तो धूर म्हणजे स्नायूंतली आम्लता. तीनशे मीटरनंतर पाय दगडाचे होतात ते यामुळे. हे सगळ्यांचंच होतं, पौष्टिक खाणाऱ्यांचंही. अडथळ्यांच्या शर्यतीत नेमकी हीच जागा शेवटच्या ४० मीटरची.

पेजेत साखरेचा साठा भरणारा भात असतोच. त्यात नसतं ते झीज भरून काढणारं प्रथिन, आणि एकूण भरणा. पंचावन्न सेकंदांच्या एका धावेला एका जेवणाने फारसा फरक पडत नाही. पण थोड्याच दिवसांत प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी, अंतिम फेरी अशा तीन जिवाच्या धावा असतील, तर मधल्या काळात शरीर किती सावरतं यात खाण्याचा वाटा मोठा. तेव्हा पेजेने पदक घालवलं असं कुणी म्हणालं तर ते फार सोपं करून सांगणं झालं. पण एवढ्या मोठ्या पथकासोबत धावपटूच्या ताटाचा विचार करणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट उरतेच, आणि ती मला फाउल स्टार्टपेक्षा जास्त खुपते.

सांडलेले शतांश आणखी कुठे कुठे?

दोन वर्षं मागे चला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये उषाने रौप्य जिंकलं १०० आणि २०० मीटरमध्ये. ४०० मीटर हर्डल्सचं सुवर्ण भारतालाच मिळालं होतं, पण ते एम. डी. वल्सम्माचं. उषा तेव्हा सरळ धावणारी, अडथळ्यांची नव्हे. प्रशिक्षक ओ. एम. नांबियार यांनी ऑलिम्पिकचा अंदाज घेऊन तिला या शर्यतीकडे वळवलं. हा डाव अचूक होता. १०० मीटरमध्ये जगातल्या वाऱ्याशी गाठ, तिथे अंतिम फेरीही अवघड. नवी शर्यत, तिथे वाव जास्त.

पण हर्डल्स ही उड्यांची शर्यत नाही, पावलांच्या हिशोबाची आहे. दोन अडथळ्यांमधल्या ३५ मीटरमध्ये ठरावीक पावलं पडायला हवीत, म्हणजे प्रत्येक वेळी योग्य पाय योग्य अंतरावरून उचलला जातो. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जसा न बघता खुंट्यावर पडतो, तसा. दमल्यावर पाऊल आखूड होतं, हिशोब बिघडतो, अडथळ्यापुढे दोन चिमुकली पावलं जास्त पडतात, आणि तिथेच कितीतरी शतांश सांडतात. हा हात बसायला वर्षं लागतात. उषाकडे महिने होते.

आता मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्राथमिक फेरीत उषाची वेळ ५६.८१. उपांत्य फेरीत ५५.५४, आणि ती फेरी तिने जिंकली. अंतिम फेरीत ५५.४२. दरवेळी आधीपेक्षा वेगात. आणि त्या ५५.४२ पेक्षा चांगली वेळ तिने पुढे आयुष्यात कधीच दिली नाही. म्हणजे दडपणाखाली कोसळली, ऐन वेळी कच खाल्ली, यातलं काही झालं नाही. आयुष्यातली सर्वोत्तम धाव तिने बरोबर त्याच दिवशी धावली. फक्त कोजोकारूने चार बोटं जास्त काढली.

"पण निम्मं जग आलंच नव्हतं की!"

हा आक्षेप जाणकार घेतात आणि तो झटकून टाकू नये. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी आणि त्यांच्या गोटातल्या बहुतेक देशांनी लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला होता. या शर्यतीचा तेव्हाचा विश्वविक्रम ५३.५८ सेकंदांचा होता, त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत मार्गारिता पोनोमार्योवाने केलेला. लॉस एंजेलिसच्या सुवर्णाची वेळ त्याहून एक सेकंदाने जास्त. सगळे आले असते तर उषा बहुधा चौथीही आली नसती.

कबूल. पण मग कोजोकारूही तिसरी नसती. रुमानिया हा त्या गोटातला, पण बहिष्कार न पाळता आलेला देश. तो एक देश घरी बसला असता तर ब्राँझ पय्योलीला गेलं असतं. ऑलिम्पिकमध्ये जे आले त्यांच्यातच क्रमांक लागतात, आणि कोण येणार हे धावपटू ठरवत नाही.

मग उरलेली कारकीर्द?

आपली अडचण अशी की उषा म्हटलं की पंचावन्न सेकंद आठवतात आणि जवळपास वीस वर्षं विसरतात. मॉस्कोला १९८० मध्ये ती सोळा वर्षांची होती, पहिल्या फेरीत बाद झाली. लॉस एंजेलिसनंतर वर्षभरात, १९८५ च्या जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्ण आणि एक ब्राँझ घेतलं. १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि रिले. एकाच बाईने, एकाच स्पर्धेत. १०० मीटरला लागणारा स्फोट आणि ४०० हर्डल्सला लागणारा धीर एका शरीरात सहसा नांदत नाहीत. धावण्याच्या खेळात हे म्हणजे एकाच गवयाने सकाळी ख्याल आणि रात्री लावणी रंगवण्यासारखं.

१९८६ च्या सोलच्या एशियाडमध्ये संपूर्ण भारताला मिळालेली सुवर्णपदकं पाच. त्यातलं एक कुस्तीत कर्तारसिंगचं. बाकी चारही उषाची किंवा उषा असलेल्या रिले संघाची. १०० मीटरला फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगाने तिला मागे टाकलं नसतं तर... पण हे 'नसतं तर' एकदा सुरू झालं की थांबत नाही.

१९८८ चं सोल ऑलिम्पिक मात्र टाचेच्या दुखापतीने खाल्लं, पहिल्याच फेरीत ती बाहेर पडली. लग्न, मूल, आणि मग पुन्हा मैदान. १९९८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जपानमधल्या फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत तिने चार पदकं आणली. २००० साली ती थांबली. पुढे केरळात धावपटूंची शाळा काढली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. (अध्यक्ष झाल्यावर 'ती'ची 'त्या' झाली. भाषेचा रिवाज, दुसरं काय.)

शतांशाचा तराजू दुसऱ्या बाजूलाही झुकतो

उषाच्या त्या अंतिम शर्यतीत सहावी आलेली एक धावपटू होती, ऑस्ट्रेलियाची डेबी फ्लिंटॉफ. चार वर्षांनी सोलला ती पुन्हा त्याच शर्यतीला उभी राहिली. शेवटच्या अडथळ्यानंतर मागून येऊन तिने सोव्हिएत तात्याना लेडोव्स्कायाला रेषेवर गाठलं. वेळा : ५३.१७ आणि ५३.१८. एक शतांश. या खेपेला सुवर्णाचा. फ्लिंटॉफकडे मधली चार वर्षं होती, पल्ला तोच होता, आणि अशा शर्यती धावायची सवय झाली होती.

जमैकाच्या मर्लिन ओटीचं तर आयुष्यच फोटो फिनिशच्या फटीत गेलं. १९९३ ची जागतिक स्पर्धा आणि १९९६ चं अटलांटा ऑलिम्पिक, दोन्हीकडे १०० मीटरला तिची आणि अमेरिकेच्या गेल डिव्हर्सची वेळ शतांशापर्यंत एकच, दोन्ही वेळा चित्र डिव्हर्सच्या बाजूने. ओटीच्या नावावर नऊ ऑलिम्पिक पदकं आहेत, सुवर्ण एकही नाही. त्यातलं नववं तर शर्यतीनंतर काही वर्षांनी मिळालं. सिडनीला २००० मध्ये ती १०० मीटरला चौथी होती. मॅरियन जोन्सने उत्तेजक घेतल्याची कबुली दिली, तिचं पदक काढून घेतलं, आणि ओटी चौथीवरून तिसरी झाली.

उषाची ५५.४२ ही वेळ भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून जागची हलली नाही. नवे ट्रॅक आले, नवे बूट आले, परदेशी प्रशिक्षक आले, आहारतज्ज्ञ आले. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगचौ एशियाडच्या प्राथमिक फेरीत तमिळनाडूची विद्या रामराज ४०० मीटर हर्डल्स धावली आणि फलकावर आकडा आला : ५५.४२. एक शतांश कमी नाही, एक शतांश जास्त नाही. एकोणचाळीस वर्षांनी बरोबरी झाली.

अंतिम फेरीत विद्याला ५५.६८ सेकंद लागले, उषाच्या वेळेपेक्षा सव्वीस शतांश जास्त. तिला ब्राँझ मिळालं.